लेकीला ट्विन ब्लॉक बसवलाय, आठ दिवसांत घराचं कुरुक्षेत्र झालंय

जुईली_सातारा
लेक सहावीत आहे, साडेअकरा वर्षांची. वरचे पटाशीचे दात पुढे, खालचा जबडा मागे. ओठ मिटायचे तर हनुवटीला सुरकुत्या पडेपर्यंत जोर लावावा लागतो. डॉक्टरांनी एक्स-रे काढले, साचे घेतले आणि सांगितलं की वरच्या-खालच्या पुढच्या दातांत ९ मिलिमीटरचं अंतर आहे. वाढीचं वय आहे तोवर ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे आणायचं, काढता-घालता येणारं यंत्र) लावू, नंतर तारा.

मागच्या बुधवारी बसवला. (ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे डॉक्टर, पुण्याहून दर बुधवारीच येतात, हेही एक दुखणं आहे.) वर एक, खाली एक प्लेट, रंग तिनेच निवडला, चकचकीत निळा. त्या दिवशी उत्साह होता. आता आठ दिवसांचा हिशोब असा: रात्री लाळ गळते, उशीचा अभ्रा रोज धुतेय. स, च, ज यांचं पार कडबोळं झालंय. जेवायला तास लागतो. आणि काल दप्तर आवरताना दोन्ही प्लेट्स कंपासपेटीत सापडल्या, पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या! म्हणजे बाईसाहेब शाळेत घालतच नाहीत.

मी ओरडले. ती रडली. नवरा म्हणतो, राहू दे, त्रास होतोय पोरीला. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही. रात्री दहा वाजता चौघंही चार खोल्यांत.

किती दिवसांत सवय होते? शाळेचं काय करायचं? आणि न ओरडता हे कसं जमवायचं, हेही कुणीतरी सांगा.

सांडगी_मिरची
कंपासपेटीत सापडल्या हे नशीब समज गं. आमच्या लेकाने हॉटेलात डोसा खाताना काढून टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवली. टिश्यूतली प्लेट आणि टिश्यूतला कचरा यातला फरक जगातल्या कुठल्याही वेटरला कळत नाही. घरी येऊन झोपायच्या वेळी लक्षात आलं. रात्री साडेदहाला नवरा दोन्ही हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून हॉटेलच्या मागच्या अंगणात सांबार, चटणी आणि कांद्याच्या सालींतून शोधत होता. सापडली! मी उकळत्या पाण्यात टाकणार होते, दिराने वेळेत हात धरला. गरम पाण्याने ॲक्रिलिक वाकडं होतं म्हणे.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे. तोंडात, नाहीतर डबीत. तिसरी जागा नाही.

पिंपळपार
वरच्याला +१. आमची एक प्लेट कुत्र्याने चावली. कुत्र्याचा जबडा आता उत्तम आहे.

निवांत_नाना
स्पष्ट बोलतो, राग नसावा. आमच्या लहानपणी वर्गात चार-पाच जणांचे दात पुढे होते. सगळ्यांची लग्नं झाली, सगळे पोटापाण्याला लागले. आता प्रत्येक मुलाच्या तोंडात काहीतरी यंत्र आहे. पोरगी आहे तशी छान असेल. तिला कशाला छळायचं? यात दात किती आणि धंदा किती?

अक्कलदाढ
नाना, प्रश्न रास्त आहे. मी ऑर्थोडॉन्टिस्ट नाही, साधा दंतवैद्य, त्यामुळे प्लेटी विकण्यात माझा वाटा शून्य.

९ मिलिमीटर म्हणजे थोडंथोडकं नव्हे. असे पुढे आलेले दात पडझडीत आधी मार खातात. माझ्याकडे सुट्टीत येणाऱ्या मुलांपैकी तुटलेला पटाशीचा दात रुमालात घेऊन येणारी बरीचशी याच ठेवणीची असतात. गंमत म्हणजे ट्विन ब्लॉकचा जन्मच अशा एका पडण्यातून झालाय. १९७७ साली स्कॉटलंडमधल्या विल्यम क्लार्क यांच्याकडे ओळखीच्याच एका दंतवैद्याचा मुलगा आला. पडून त्याचा वरचा दात निखळला होता. दात परत बसवला, पण खालचा ओठ त्या दाताच्या मागे अडकायचा आणि त्याला सतत पुढे ढकलायचा. म्हणून क्लार्कनी दोन प्लेटांवर दोन उतरते ठोकळे बसवले. मिटताना ठोकळा ठोकळ्यावरून घसरतो आणि खालचा जबडा आपसूक पुढे येतो. सगळी करामत त्या उताराची, साधारण ७० अंशाची.

आता खरं तेही सांगतो. ‘जबडा वाढवून देतो’ असं कुणी छातीठोक म्हणालं तर जरा सावधपणेच घ्यावं. चांगल्या चाचण्यांत दिसलंय की सुधारणेचा मोठा भाग दात सरकल्याने येतो, हाडाचा वाटा त्यामानाने कमी. आणि आठव्या-नवव्या वर्षी घाई करून शेवटचा निकाल काही जास्त चांगला लागत नाही, दात तुटण्याचा धोका मात्र कमी होतो. जुईलीताई, तुमच्या लेकीचं वय अगदी बरोबर आहे. मुलींची वाढीची उसळी मुलांपेक्षा लवकर येते, ती हातची घालवू नका.

सवय म्हणाल तर बोलणं बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत ताळ्यावर येतं. पण घातलं तरच! शाळेचे सहा तास काढून ठेवलं की रोज संध्याकाळी पहिला दिवस.

निवांत_नाना
म्हणजे निम्मं तरी माझं बरोबर निघालं. आजच्यासाठी पुरे.

लेस्टरकर
इकडे इंग्लंडात १८ वर्षांखालच्यांना सरकारी आरोग्यसेवेत हे फुकट होतं, पण आधी दातांची प्रतवारी करतात. चौथ्या-पाचव्या प्रतीत बसलात तर काम होतं, तिसऱ्यात असाल तर दिसण्याचे वेगळे गुण मोजतात. नाना, धंद्याची शंका इथे येत नाही, उलट रांगेत उभं राहून दाढी पांढरी होते.

आमच्या चिरंजीवांनी ब्लॉक घातलेला असतानाच आम्ही मे महिन्यात दादरला गेलो. डॉक्टर म्हणाले होते, जेवतानाही काढायचा नाही. पुरणपोळी छान गेली, वरणभात गेला, आणि मग आला हापूस. वरच्या प्लेटच्या मधोमध रुंदी वाढवायचा स्क्रू असतो ना, त्यात आंब्याचे केस गुंतले. आजी, आत्या, मी, सगळे दिव्याखाली चिमटा घेऊन. शेवटी मऊ टूथब्रशने निघाले. तेव्हापासून आंबा म्हणजे आमरस, तोही गाळलेला.

तिखटजाळ
आमचं उलटं प्रकरण आहे. मुलाचा खालचा जबडा पुढे, वरचा मागे. आठव्या वर्षी फेसमास्क लागला. कपाळावर एक गादी, हनुवटीवर एक गादी, मधे दांडा, आणि तोंडातून त्या दांड्याला रबरं. घरी आल्यापासून सकाळपर्यंत, रोज १२-१४ तास. पहिल्या दिवशी आरशात बघून तो म्हणाला, ‘मी यष्टिरक्षक झालो.’ आम्ही तेच धरून ठेवलं.

आमचं खरं दुखणं घामाचं. एप्रिलमध्ये हनुवटीवर लाल पुरळ आलं. गादीखाली जुन्या मऊ धोतराचा तुकडा दुमडून ठेवायला लागलो, रोज धुतलेला, मग थांबलं. शाळेत घालायचा नव्हता म्हणून तो वांधा झाला नाही. जुईली, तुझी लढाई अवघड आहे, कबूल.

गावकूस
बहुधा या धाग्यावर फक्त आईबाबा आणि डॉक्टर आहेत. मी त्या बाजूचा, म्हणजे ज्याच्या तोंडात होतं त्यातला.

माझं १९९७-९८ चं. आम्ही कराडजवळ राहायचो. बाबा एसटीत कंडक्टर. दर महिन्याला एक रजा टाकून मला मिरजेला न्यायचे. तेव्हा माझं यंत्र म्हणजे दोन्ही जबड्यांत मिळून एकच ठोकळा होता. तो घालून बोलताच यायचं नाही, म्हणून दुपारी घरी आल्यावर आणि रात्री घालायचा. मी रोज झोपताना घालायचो आणि दिवा गेला की काढून गादीखाली सरकवायचो. दोन महिने मिरजेचे डॉक्टर म्हणत राहिले, फरक कसा पडत नाही? तिसऱ्या महिन्यात मी तो उसाच्या फडात फेकला आणि हरवला म्हणून सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. नवीन करायला पैसेही नव्हते. विषय संपला.

ओरडायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या तीन महिन्यांत एकानेही मला विचारलं नाही की नेमकं टोचतंय कुठे. ‘घातलास का?’ एवढंच विचारायचे. डावीकडे मागच्या दाढेजवळ तारेचं टोक होतं, गालाला घासायचं. एवढंच होतं. डॉक्टरांनी पक्कड लावून दोन मिनिटांत वळवलं असतं. मला वाटायचं ते तसंच असतं, सोसायचं असतं.

पुढे अकरावीत कबड्डी खेळताना समोरचा दात अर्धा गेला. आता त्यावर कॅप आहे.

जुईलीताई, आज रात्री ‘घातलास का’ विचारू नका. बॅटरी घ्या आणि तोंडात बघा.

सांडगी_मिरची
गावकूस 🙏

दुपारचा_चहा
टोचण्यावरून आठवलं. आमच्याकडे शनिवारी रात्री प्लेटची कड हिरडीला लागत होती. नवरा इंजिनियर. त्याने कानस काढली. ‘अर्धा मिलिमीटर घासतो फक्त.’ सोमवारी प्लेट तोंडात खुळखुळ्यासारखी वाजायला लागली. डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला, ‘हे कुणी केलं?’ आणि सगळ्यांनी बाबांकडे बोट दाखवलं.

अक्कलदाढ
कानस, पॉलिश पेपर, नेलकटर, फेविक्विक: चारही निषिद्ध. टोचणाऱ्या तारेवर लावायला ऑर्थोडॉन्टिक मेण मिळतं, वाटाण्याएवढं घेऊन मळायचं, जागा कोरडी करून चिकटवायचं. बुधवारपर्यंत निभावतं. तोंड आलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. पहिले दोन-चार दिवस दाढा आणि कानापुढचे स्नायू ठणकतात, त्याला वजनानुसार पॅरासिटामॉल चालतं. जखम तशीच राहिली तर बुधवारची वाट न बघता फोन करा.

अजून एक. काढताना दोन्ही बाजूंच्या मागच्या आकड्यांना नखं लावून सरळ ओढायचं, पुढच्या तारेला धरून नाही. बसवतानाही बोटांनी दाबायचं, दातांनी चावून नाही. चावून बसवणाऱ्यांच्या प्लेटा आम्ही वर्षभर जोडत बसतो.

बाराखडी
मी शाळेत शिकवते, म्हणून उच्चारांबद्दल. मराठीत च आणि ज दोन-दोन तऱ्हेचे. ‘चमचा’तला वेगळा, ‘चहा’तला वेगळा, ‘जहाज’मध्ये वेगळा, ‘जीभ’मध्ये वेगळा. टाळूवर प्लेट आली की जिभेचा पत्ताच बदलतो. शांतपणे वाचून घेण्यापेक्षा मोठ्याने पाढे म्हणायला लावा. सातचा पाढा उत्तम: सात साते एकोणपन्नास. मग ‘चटईला टाचणी टोचली’ दहा वेळा. घरातल्या सगळ्यांनी म्हणायचं, चुकेल त्याने भांडी घासायची. प्लेट नसलेलेही चुकतातच.

आणि वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्या. आम्हाला कुणी सांगतच नाही हो. आम्हाला वाटतं पोर तोंडात चॉकलेट ठेवून बसलंय.

निवांत_नाना
एक विचारू? घरात कुणाला कवळी आहे का? हसू नका. मला तीन वर्षांपूर्वी बसवली. पहिल्या आठवड्यात मी फोनवर ‘सदाशिव’ म्हणालो तर समोरच्याने फोन ठेवला. माझ्या नातवाला प्लेट लागली असती तर त्याला शिकवायला घरात माझ्याइतका लायक माणूस नव्हता.

पिंपळपार
नाना विरोधी पक्षातून थेट सल्लागार मंडळात!

जुईली_सातारा
सगळ्यांचे आभार, एकेकाला लिहीनच. आधी गावकूस यांना सांगते.

रात्री बॅटरी घेऊन बसले. उजवीकडे जिभेखाली, खालच्या प्लेटच्या कडेला, डाळीच्या दाण्याएवढा पांढरा व्रण. आठ दिवस! मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, ‘तू म्हणालीस ना, सुरुवातीला दुखणारच.’ मी म्हणाले होते, खरंच.

मग शाळेचं. मला वाटत होतं मुलं चिडवतात. (तसं आधीपासून एकजण तिला ‘किसणी’ म्हणतो, त्याचं नाव मला माहीत आहे.) पण कारण वेगळंच निघालं. हजेरी! तिचा नंबर आला की ‘येस मिस’ म्हणायचं. ते ‘येश मिश’ होतं आणि सगळा वर्ग हसतो. म्हणून ती हजेरीआधी काढून ठेवायची, आणि मग सगळ्यांसमोर परत घालायची लाज वाटायची. एवढ्या एका शब्दासाठी सहा तास.

बाराखडी, तुमचं वाचून चिठ्ठी दिली. बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या पंधरा दिवस नुसता हात वर कर. डबा खाताना मात्र अजून काढतेय, मी सध्या बोलत नाहीये.

नाना, सासूबाईंना कवळी आहे. त्यांना विचारायचं सुचलंच नव्हतं.

बाराखडी
‘येश मिश’! किती साधं. मी उद्यापासून माझ्या वर्गात हजेरीला हातच वर करायला सांगणार आहे.

मेथीची_जुडी
जरा विषयांतर. खर्चाचं कुणी बोलेना. आम्हाला खाजगीत तारांसकट जो आकडा सांगितला तो ऐकून माझाच जबडा खाली आला. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय इथे ऑर्थोचा विभाग आहे, पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. वेळ जातो, फेऱ्या होतात, पण खर्च बराच कमी. आमची विद्यार्थिनी-डॉक्टर इतकी बारकाईने बघायची की एकेका भेटीला दोन तास.

तिखटजाळ
मेथी, विषयांतर नाही, हेच मुद्द्याचं. आणि ज्यांची मुलं तोंडाने श्वास घेतात किंवा घोरतात त्यांनी आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवा. आमच्या पुतणीचे ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले निघाले. अंगठा चोखायची सवय असेल तर तीही आधी सोडवावी लागते.

दुपारचा_चहा
तास मोजायला काही उपाय आहे का? आमच्याकडे ‘घातला होता आई, देवाशप्पथ’ असं चालतं.

अक्कलदाढ
प्लेटमध्ये बसवायची, तोंडाचं तापमान नोंदवणारी इवलीशी चिप मिळते. ती लावून केलेल्या पाहण्यांत मुलं सांगतात त्यापेक्षा कमी तास घालतात असं दिसलंय, यात आश्चर्य काही नाही. पण चिप नसली तरी कळतं हो. महिन्याने मूल येतं, प्लेट दुकानातल्यासारखी चकचकीत, ठोकळ्यावर एक ओरखडा नाही, आणि ती घालून बोलायला सांगितलं की बोबडं. खरं घालणारं मूल घातलेल्या प्लेटने स्वच्छ बोलतं. देवाची शप्पथ घ्यायची गरजच पडत नाही.

घरी मात्र पहारेकरी होऊ नका. कॅलेंडरवर तिलाच तास लिहू द्या, पेन तिच्या हातात. आणि स्क्रू फिरवायची चावी दिली असेल तर तारीखवार खूण करा. एका वळणाला पाव मिलिमीटर, दोनदा फिरवलं की गोंधळ.

जुईली_सातारा
पाच आठवड्यांनी येतेय, धागा वर काढते.

बुधवारी डॉक्टरांनी मोजलं, ९ चे ७ झाले. लेकीने स्वतः पट्टी मागून आरशात मोजून खात्री केली. जिभेखालचा व्रण डॉक्टरांनी कड घासल्यावर तीन दिवसांत गेला. ‘येस मिस’ आता स्वच्छ येतं. गंमत म्हणजे प्लेट काढली की बोलताना अडखळते, म्हणून डबा खातानाही काढेनाशी झालीये. मी काहीही केलेलं नाही.

केलं ते सासूबाईंनी. मी एकदाच म्हटलं, आई, तुम्हाला कवळी लावली तेव्हा बोलायला किती दिवस लागले? बस. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लावून झाला की दोघी झोपाळ्यावर. पाढे, ‘चटईला टाचणी’, मग शेजाऱ्यांच्या नकला. आजी कवळी किंचित सैल करून मुद्दाम बोबडं बोलतात, लेक हसून हसून लोळते. बेसिनपाशी आता दोन डब्या आहेत, एक निळी, एक पांढरी. परवा आजी तिला म्हणाल्या, ‘तुझं वर्षाने निघेल बाई, माझं सरणावर.’ मला कसंतरी झालं, लेकीने मात्र शांतपणे विचारलं, ‘मग तिथे डबी कोण नेणार?’

घासघीस अजून आहेच. नातेवाइकांच्या लग्नात फोटोंसाठी चार तास काढलाच. मीही ‘घातलास का’ दिवसाला एकदा विचारतेच, सुटत नाही.

आता नवा प्रश्न. दिवाळी तोंडावर आलीये. चकलीचं काय करायचं?

लेस्टरकर
चहात बुडवून.

तिखटजाळ
चकली चहात?? संपादक, या सदस्याला आवरा.

निवांत_नाना
मी तीन वर्षं बुडवतोय. अर्ध्या मिनिटात काढायची, नाहीतर तळाशी जाते.

अक्कलदाढ
पुढच्या दातांनी तोडायची नाही, हाताने तुकडे करून मागे ठेवायचे. चिक्की आणि अख्ख्या सुपाऱ्या बंद. अनारसे चालतील.

जुईली_सातारा
थांबा, प्रश्नच मिटला. आत्ता स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई खलबत्ता पुसून ठेवत होत्या. म्हणाल्या, मी दरवर्षी माझी चकली कुटूनच खाते, तुझं लक्ष कुठे असतं? यंदा दोन वाट्या कुटीन.

सांडगी_मिरची
वरून दही घालायला सांग.